प्रती किती, कुळे किती?



ज्या शाळेच्या ओट्यावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. चाळीस वर्षे ज्याने जुन्या पोथ्यांची पाने उलटण्यात घालवली, त्या मराठीच्या मास्तराने ‘विकेंद्रित क्लाउड आणि ब्लॉकचेन’ या विषयावर का बोलावे? इंदुरात ही बातमी पसरली तेव्हा एका स्नेह्याने मला फोन करून विचारले, ‘‘काय हो, तब्येत बरी आहे ना?’’ तब्येत बरी आहे. या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगतो.

गुरुजी आम्हाला गणित शिकवीत. त्यांनी शाळेत विद्यार्थी भांडार चालू केले होते. वह्या, दौती, पेन्सिली तिथे मिळत. भांडाराचा हिशेब तीन मुलांनी तीन निरनिराळ्या वह्यांत लिहायचा, एकमेकांची वही पाहायची नाही, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजींसमोर तिन्ही वह्यांचा ताळा जुळवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. एकदा माझ्या वहीत दोन आण्यांचा फरक निघाला. मी रडवेला झालो. गुरुजी म्हणाले, की चूक होणारच. ती दडू नये म्हणून तर तीन वह्या आहेत. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे साठ वर्षे उलगडत राहिला.

दुसरे कारण खासगी आहे, आणि थोडे दुःखद आहे. १९८० च्या दशकात मी माळव्यातील मराठी घरांतून हिंडून वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. इंदूर, देवास, धार, उज्जैन अशी ती भटकंती होती. पुढे एका विद्यार्थ्याने त्या कॅसेटींवरचा आवाज संगणकात उतरवून दिला आणि एका कंपनीच्या विनामूल्य सेवेवर ठेवला. ‘‘सर, आता हे कायमचे राहील,’’ असे तो म्हणाला. कॅसेटींना बुरशी धरली होती. घर बदलताना त्या मी टाकून दिल्या. काही वर्षांनी कंपनीने ती सेवा बंद केली. पूर्वसूचना पाठवली होती. पण ती ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता मी वापरणे सोडले होते. ध्वनिमुद्रणे गेली. त्या ओव्या गाणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. माझ्याजवळ उरल्या आहेत त्या केवळ हाताने टिपलेल्या दोन वह्या. शब्द आहेत, गळा नाही.

या घटनेनंतर मी एकच प्रश्न सर्वांना विचारू लागलो: जे टिकावे असे वाटते, ते ठेवावे कोठे? तेव्हा आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने मला विकेंद्रित क्लाउडची गोष्ट सांगितली. कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, कोणालाही एकट्याने बंद करता न येणारी संगणकव्यवस्था! तो आशेने बोलत होता आणि मी आशेने ऐकत होतो. पुढे मी वाचत गेलो, त्याला आणि त्याच्या मित्रांना छळत गेलो. त्यातून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ‘क्लाउड’ हा शब्द. नाव ढगाचे असले तरी वस्तू पक्की जमिनीवरची आहे. प्रचंड इमारती, त्यांत मांडणीवर रचलेले हजारो संगणक, अखंड वीज, गार हवा आणि पहारा. अॅमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये विदा साठवण्याची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गणनशक्ती भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. पाणी जसे नळाने यावे आणि वापराप्रमाणे पट्टी भरावी, तशी संगणकाची शक्ती मिळू लागली. स्वतःची विहीर खणण्याची गरज उरली नाही. सोय निःसंशय मोठी होती. पण सगळ्या गावाने आपापल्या विहिरी बुजवल्या की गाव एका टाकीच्या भरवशावर जगू लागतो.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी हे प्रत्ययास आले. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियात त्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने दुरुस्तीसाठी थोडे संगणक बाजूला काढण्याची आज्ञा टंकित केली. त्यातील एक नोंद चुकली, आणि हवे होते त्याहून पुष्कळ अधिक संगणक बंद झाले. सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे आणि सेवा अडखळल्या. कोणी दुष्टपणा केला नव्हता. बोट चुकले होते, इतकेच.

मग उपाय काय? गुरुजींचा: वह्या अनेक ठेवा. पण येथे एक अडचण आहे, आणि तिच्यात या सगळ्या शास्त्राचे बीज आहे. गुरुजींच्या तिन्ही वह्या एका टेबलावर, एका विश्वासू माणसासमोर उघडत. समजा, गुरुजी नाहीत. तिघे तीन गावांत आहेत आणि केवळ पत्रांनी ताळा जुळवायचा आहे. तिघांपैकी एक लबाड आहे. तो पहिल्याला एक आकडा कळवतो, दुसऱ्याला दुसराच, आणि प्रत्येकाला सांगतो, की तो पलीकडचाच खोटे बोलतो आहे. आता प्रामाणिक दोघांना कळावे कसे, की लबाड कोण? १९८२ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक आणि मार्शल पीझ या तिघा संशोधकांनी हा प्रश्न बायझन्टाइन सेनापतींच्या रूपकात मांडला. शहराला वेढा घातलेले सेनापती निरोप्यांकरवी एकमत करू पाहतात आणि त्यांच्यातच काही फितूर आहेत, असे ते रूपक. त्यांचे उत्तर असे, की साध्या निरोपांवर भिस्त असेल, तर एका फितुराला पुरून उरण्यासाठी एकूण किमान चार हवेत, दोन फितुरांसाठी सात, चारांसाठी तेरा. फितुरांची तिप्पट अधिक एक. हा तेराचा आकडा लक्षात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

दुसरे बीज मला विशेष आवडले, कारण ते वर्तमानपत्रात सापडते. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी असा प्रश्न घेतला, की संगणकातील कागद अमुक दिवशी अस्तित्वात होता आणि नंतर बदललेला नाही, हे सिद्ध कसे करावे. संगणकात खाडाखोड दिसत नाही. त्यांनी प्रत्येक कागदाचा एक ‘ठसा’ काढला. याला हॅश म्हणतात. कितीही मोठा मजकूर असो, गणिती रीतीने त्यातून ठरावीक लांबीची एक खूण निघते. मजकुरातला एक काना बदलला तरी खूण पार बदलते. मग प्रत्येक नव्या खुणेत आधीची खूण गुंफायची, म्हणजे साखळी तयार झाली. मधली एक कडी बदलायची तर पुढच्या साऱ्या कड्या बदलाव्या लागतील. आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने या साखळीची खूण दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला आरंभ केला. ग्रंथालयाग्रंथालयांतून त्या अंकाच्या प्रती पोचल्या. आता लबाडी करायची तर जगातील सारे जुने अंक गोळा करून बदलावे लागणार!

वेदपठणाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले तत्त्व परके वाटू नये. क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ या रीतींत प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाशी पुनःपुन्हा असा गुंफला जातो, की एक अक्षर चुकले तर पठणाची वीणच उसवते. आपल्या पूर्वजांना ब्लॉकचेन ठाऊक होती, असे मी मुळीच म्हणत नाही. असली विधाने करणाऱ्यांपासून मी चार हात दूर असतो. चूक दडू नये म्हणून शब्दांना एकमेकांचे साक्षी करावे, एवढीच कल्पना समान आहे.

ही दोन बीजे एकत्र रुजली ती ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या निबंधात. ३ जानेवारी २००९ रोजी त्या साखळीची पहिली कडी घडली. बिटकॉइन म्हणजे थोडक्यात एक रोजकीर्द: कोणी कोणाला किती दिले, याची. तिच्या प्रती जगभर आहेत आणि त्यांचा ताळा कोणी गुरुजी नसताना जुळतो. पुढे २०१३ च्या अखेरीस व्हिटालिक ब्युटेरिन या अवघ्या १९ वर्षांच्या तरुणाने विचारले, की या वहीत केवळ जमाखर्चच का लिहावा? आज्ञावलीच का लिहू नये, जी सर्व प्रतींत एकाच रीतीने चालेल? त्यातून ३० जुलै २०१५ रोजी इथेरियम सुरू झाले. कल्पना भव्य होती, पण प्रत्येक आज्ञा हजारो संगणकांनी पुन्हा पुन्हा करून पाहायची, म्हणजे काम मंद आणि महाग. तेथे हिशेब लिहिता येई. ध्वनिमुद्रणांसारखा जड ऐवज ठेवणे परवडण्याजोगे नव्हते.

येथवर आपण पायथ्याशी आलो. विकेंद्रित क्लाउड म्हणवणाऱ्या व्यवस्था अनेक आहेत. मी त्यांपैकी एकच नीट अभ्यासली, तिची गोष्ट सांगतो. तिचे नाव ‘इंटरनेट कॉम्प्युटर’. तिच्यामागे डॉमिनिक विल्यम्स नावाचे ब्रिटिश उद्योजक आहेत. पूर्वी ते लहान मुलांसाठी एक ऑनलाइन खेळ चालवीत. असंख्य खेळाडूंचा भार अनेक संगणकांवर वाटावा कसा, हा प्रश्न त्यांना तेथे भिडला. २०१६ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये डिफिनिटी नावाचे ना-नफा प्रतिष्ठान स्थापन केले. त्याचे ठाणे झुरिकला आहे. मंडळी नामांकित जमली. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेतील यान कामेनिश आले. बोने, लिन आणि शाखम या तिघांनी २००१ मध्ये शोधलेल्या सहीपद्धतीतले बेन लिन आले. वेबअसेम्ब्ली या यंत्रभाषेच्या रचनाकारांपैकी आंद्रेयास रॉसबर्ग यांनी या व्यवस्थेसाठी मोटोको नावाची नवी आज्ञाभाषा रचली. १० मे २०२१ रोजी हे जाळे सर्वांसाठी खुले झाले.

त्याचे कार्य कसे चालते? निरनिराळ्या देशांतील स्वतंत्र मालकांनी आपापले संगणक निरनिराळ्या डेटा सेंटरांत ठेवलेले आहेत. या संगणकांना नोड म्हणतात. सगळ्या नोडांनी सगळे काम करायचे, ही इथेरियमची रीत येथे टाळली आहे. नोडांचे लहान गट पाडले आहेत. त्यांना सबनेट म्हणतात. एका सामान्य सबनेटमध्ये नोड असतात तेरा. आता तो आकडा आठवा: तेरांपैकी चार फितूर झाले, बंद पडले वा बिघडले, तरी उरलेले नऊ ताळा जुळवू शकतात. जाळ्याचा कारभार पाहणारे सबनेट याहून मोठे ठेवलेले आहे.

या सबनेटवर जे ठेवायचे त्याला ‘कॅनिस्टर’, म्हणजे डबा, म्हणतात. डब्यात आज्ञावली आणि तिची स्मृती दोन्ही एकत्र असतात. जणू स्वयंपाकी आणि शिधा एकाच डब्यात. डब्यात काही बदल करण्याची विनंती आली की तेराही नोड विनंत्यांचा क्रम आधी ठरवतात, मग प्रत्येक जण तीच आज्ञा त्याच क्रमाने स्वतः पार पाडतो आणि निकाल ताडून पाहतो. यासाठी एखाददुसरा सेकंद लागतो. नुसते वाचायचे असेल, तर एकच नोड क्षणार्धात उत्तर देऊ शकतो. मात्र अशा उत्तराला संपूर्ण सबनेटची साक्ष आपोआप नसते. ती हवी असेल तर रचनाकाराने तशी तजवीज करावी लागते.

साक्ष देण्याची त्यांची युक्ती मोठी सुंदर आहे. देवळाच्या दानपेटीला तीन विश्वस्तांची तीन कुलपे असतात, हे आपण पाहिले आहे. येथे सहीची किल्लीच तेरा अंशांत विभागलेली असते. संपूर्ण किल्ली कोठेही, कोणाकडेही नसते. नऊ नोडांनी आपापला अंश वापरला, तरच सबनेटची सही उमटते. आणि बाहेरच्या माणसाला ती एक साधी सही दिसते, जी तो जागच्या जागी पडताळू शकतो. हे अंश वेळोवेळी नव्याने वाटले जातात, म्हणजे आज एक आणि वर्षाने दुसरा चोरून जुळवणी करता येत नाही.

खर्चाची रीतही निराळी आहे. इथेरियमवर वापरणारा दर वेळी शुल्क भरतो. येथे डब्याचा मालक आगाऊ इंधन भरून ठेवतो. त्याला ‘सायकल्स’ म्हणतात. एक लाख कोटी सायकल्सची किंमत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एका एसडीआरशी बांधलेली आहे, म्हणजे दर स्थिर राहावा. जाळ्याच्या आयसीपी नावाच्या टोकनातून हे इंधन तयार होते. टोकनाचा स्वतःचा भाव मात्र बाजारात मनसोक्त हिंदोळतो. मे २०२१ मध्ये पहिल्या दिवशी काही बाजारांत तो शेकडो डॉलर होता. जून सरता सरता पन्नासाच्या खाली आला. कित्येकांचे हात पोळले. आपल्या देशात १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे. सभागृहातील तरुण मित्रांनी मला भावाविषयी सल्ला विचारू नये. मी पोथ्यांचा माणूस आहे.

आणि पोथ्यांचा माणूस म्हणूनच आता माझी शंका मांडतो. आजच्या व्याख्यानात सांगण्यासारखे माझे स्वतःचे असे जे काही आहे, ते एवढेच.

पाठचिकित्सेच्या शास्त्रात नवख्या विद्यार्थ्याला पहिला मोह होतो तो बहुमताचा. वीस पोथ्यांत एक पाठ, तीन पोथ्यांत दुसरा. म्हणजे वीसवाला खरा! आम्ही त्याला थांबवतो आणि विचारतो, की त्या वीस पोथ्या कोणावरून उतरवल्या? विसांच्या विसा एकाच सदोष पोथीच्या लेकी असतील, तर त्यांचे मत वीस नव्हे, एक. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठ भ्रष्ट झाले होते म्हणून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले आणि १९६६ मध्ये पुरे केले. हजाराहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली, पण डॉ. सुकथनकरांनी पोथ्यांची नुसती गणती केली नाही. त्यांनी त्यांची कुळे लावली: काश्मीरची कोणती, बंगालची कोणती, मल्याळी लिपीतील कोणती. हजारो कोस दूर असलेल्या दोन कुळांत एकच पाठ आढळला, तर त्याला वजन. प्रती मोजू नयेत, कुळे मोजावीत, हे आमच्या शास्त्राचे सार आहे.

हाच प्रश्न तेरा नोडांना विचारू. तेराही संगणक एकाच मालकाचे असतील, तर ती तेरा साक्षीदारांची पंगत नसून एकच साक्षीदार तेरा पाटांवर बसला आहे. इंटरनेट कॉम्प्युटरच्या रचनाकारांना याची जाण आहे. सबनेटसाठी नोड निवडताना मालक, इमारत आणि देश निरनिराळे असावेत, असा त्यांचा कटाक्ष आहे. हे मी त्यांच्या पुण्याईत धरतो.

पण कुळ आणखी खोल असते. तेराही नोडांवर चालणारी मूळ आज्ञावली एकच, आणि ती प्रामुख्याने एकाच प्रतिष्ठानाने लिहिलेली. तिच्यातच दोष असेल, तर तेराही जण एकमताने, सही-शिक्क्यानिशी चुकतील. हे भय काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये शांघायला इथेरियमची परिषद भरली असताना हल्लेखोरांनी गेथ नावाच्या आज्ञावलीतील एक दोष हेरला आणि ती चालवणारे संगणक कोसळू लागले. जाळे तरले, ते पॅरिटी नावाची दुसरीच आज्ञावली चालवणाऱ्या संगणकांमुळे. ती दुसऱ्या गटाने, दुसऱ्या भाषेत, स्वतंत्रपणे लिहिलेली होती. म्हणजे त्या दिवशी प्रतींनी वाचवले नाही, कुळाने वाचवले.

कारभाराचेही तेच. इंटरनेट कॉम्प्युटरवर नवा नोड घ्यावा का, आज्ञावली बदलावी का, हे मतदानाने ठरते. टोकन ठरावीक मुदतीसाठी अडकवून ठेवणाऱ्यांना मत असते; टोकन जितके अधिक आणि मुदत जितकी लांब, तितके मत जड. शिवाय प्रत्येकाने प्रत्येक ठरावावर स्वतः विचार करावा लागत नाही. ‘अमक्याच्या मागे माझे मत’ असे सांगून ठेवता येते. सोयीचे आहे. पण एकाच्या मागे हजार मते गेली, तर पोथीशास्त्राच्या हिशेबाने ते मत एक. आपल्या संस्थांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगायला नको.

डब्याच्याही बाबतीत दोन गोष्टी मला माझ्या ओव्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या वाटल्या. एक, प्रत्येक डब्याला नियंत्रक असतो आणि त्याला आतला मजकूर बदलता येतो. तो अधिकार कायमचा सोडून देता येतो. पण मग चूकही दुरुस्त करता येत नाही. ‘ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे अढळ आहे’ हे अर्धसत्य आहे. आधी विचारावे, नियंत्रक कोण? दुसरी, डब्यातले इंधन संपत आले की डबा आधी गोठतो, आणि तरीही कोणी भरले नाही, तर रिकामा केला जातो. ते वाचताना मला त्या न पोचलेल्या पूर्वसूचनेची आठवण झाली. माझ्या ओव्या तेथे असत्या, तरी दरवर्षी आठवणीने इंधन भरणारा कोणी माणूस लागलाच असता. माझ्या हातून जे घडले, त्यात कंपनीचा दोष अर्धा. मी एकच प्रत ठेवली आणि तिची चौकशी करण्याचे सोडून दिले, हा उरलेला अर्धा.

तेव्हा विकेंद्रित क्लाउडने विश्वासाची गरज संपवली, असे कोणी म्हटले तर मी मान हलवणार नाही. तिने विश्वासाची विभागणी केली आहे: थोडा गणितावर, थोडा आज्ञावली लिहिणाऱ्यांवर, थोडा नोडमालकांवर, थोडा मतदारांवर. एका मालकाच्या मर्जीपेक्षा ही विभागणी पुष्कळदा बरी, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. प्रत्येक वाट्यापुढे मात्र विचारायला हवे, की येथे स्वतंत्र कुळे किती.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. या शाळेच्या कपाटात जुनी हस्तलिखिते आहेत, विद्यार्थ्यांची मासिके आहेत, छायाचित्रे आहेत, आणि गुरुजींच्या भांडाराच्या तीन वह्याही आहेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या मराठी समाजाचा इतिहास दुसरे कोणी जपून ठेवणार नाही. हे सारे संगणकात उतरवण्याचे संस्थेने ठरवले आहे, असे कळते. माझी तीन नम्र सूचना.

पहिली: प्रती निदान तीन असाव्यात आणि त्यांची कुळे भिन्न असावीत. एक शाळेत, डिस्कवर. एक दुसऱ्या गावातील एखाद्या ग्रंथालयात. एक भाड्याच्या क्लाउडवर. आपल्या तरुण माजी विद्यार्थ्यांना चौथी प्रत विकेंद्रित जाळ्यावर ठेवायची असेल, तर अवश्य ठेवावी. इंधन कोण भरणार आणि नियंत्रक कोण राहणार, हे मात्र ठरावात नावानिशी लिहावे. मूळ कागद कोणत्याही परिस्थितीत टाकू नयेत.

दुसरी: प्रत्येक संचाचा हॅश काढावा. नेहमीच्या रीतीने तो चौसष्ट अक्षरांचा होतो, म्हणजे छापायला फार तर दोन ओळी. तो शाळेच्या वार्षिकांकात छापावा. अंक माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी जातो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे काम केले, ते आपला वार्षिकांक या शाळेपुरते सहज करील, आणि त्याला एक पैसा जास्त पडणार नाही.

तिसरी: दरवर्षी गुरुजींच्या स्मृतिदिनी, व्याख्यानाच्या आधी, दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांनी सर्व प्रती उघडून त्यांचा ताळा पाहावा आणि तो जुळला किंवा जुळला नाही, हे सभेपुढे वाचून दाखवावे. न जुळल्यास कोणी रडवेले होऊ नये.

माझ्या ओव्यांच्या दोन वह्या मी आज सोबत आणल्या आहेत. त्या मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करतो. त्यांचे छायाचित्रण झाले की पहिली प्रत मला द्यावी, एवढीच विनंती. पडताळणीला मी येईन.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.